शेवटी सोडवायला कुणी येणार असेल, तर ते पुस्तक अंधाराचं कसलं?

तापीकाठ (रावेर) :
या आठवड्यात आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. मोटार चालू करायची, दर दोन तासांनी ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि मधल्या वेळात मळ्यातल्या खोलीत बॅटरीच्या उजेडात वाचत बसायचं. अशी महिन्याभरात तीन पुस्तकं झाली, तिन्ही भय-गूढ वळणाची. त्यावरून एक मत पक्कं झालंय, ते मांडतो. पटलं नाही तर सरळ भांडा.

पहिलं भयकथाकार नारायण धारपांचं 'लुचाई', रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची गोष्ट. स्टीफन किंगच्या 1975 सालच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेलं. पकड जबरदस्त आहे, एका रात्रीत संपवलं. पण पुस्तक मिटलं आणि शांत झोप लागली. शत्रू कोण ते कळलेलं असतं, त्याला काय चालतं, काय चालत नाही तेही कळलेलं असतं. धारपांचा एक नायक आहे, समर्थ, पछाडलेल्यांना सोडवणारा. त्याच्या कथांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. समर्थ दारात आले की वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. भीती उधारीवर घेतलेली, शेवटच्या पानावर फेडून मोकळे.

दुसरा रत्नाकर मतकरींचा एक संग्रह. मतकरी 'भयकथा'पेक्षा 'गूढकथा' हा शब्द पसंत करत, आणि ते रास्तच आहे. त्यांचं भूत बहुतेक वेळा माणसाच्या मनातच बसलेलं असतं. मात्र शेवटच्या ओळीत कलाटणी द्यायचीच, या सवयीमुळे चौथ्या-पाचव्या कथेपासून मी कथा सोडून कलाटणीचीच वाट बघायला लागलो.

तिसरं जी. ए. कुलकर्णींचं 'पिंगळावेळ', 1977 चं. त्यातली 'स्वामी' वाचली आणि मी हादरलो. एक वाटसरू रात्रीच्या आसऱ्यासाठी एका महंताबरोबर मठात जातो. खायला-प्यायला उत्तम, बोलणं गोड. मग कळतं की खोली जमिनीखाली आहे आणि वाट बंद झाली आहे. तिथे भूत नाही, करणी नाही, कुणी रागावलेलंसुद्धा नाही. सगळं भक्तीने चाललंय. सोडवायला कुणी येणार नाही. त्याने जपलेली एक वेल तेवढी उजेडाकडे चढत राहते.

निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या केळीच्या बागेत वारा नसतानाही वाळलेलं पान खोडावर घासतं आणि कुणी चालत आल्यासारखा आवाज होतो. त्याची मला लहानपणापासून सवय आहे. पण त्या रात्री व्हॉल्व्ह फिरवून परत आलो, खोलीच्या बाहेरच्या कडीला अडकवलेलं कुलूप काढून खिशात टाकलं आणि मगच आत बसलो. 'लुचाई'ने मला हे करायला लावलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, निवारण झालं की अंधार उरत नाही. ती फक्त थरारक गोष्ट होते.

वाघूर (भुसावळ) :
भाऊ, साफ नामंजूर. आम्ही रेल्वे क्वार्टरमधली पोरं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायच्या आणि वाचनालयातून आणलेलं एकच धारप चौघांत फिरायचं. ज्याचं वाचून व्हायचं तो जिना उतरून पाणी प्यायला एकटा जायचा नाही. ती भीती उधारीची होती असं तुम्ही म्हणता, पण मी आज जी. एं.ना हात लावतो तो त्याच उधारीवर.

दुसरं, 'लुचाई' तुम्ही पार वरवर वाचलंय. त्यातलं भय त्या प्राण्यात नाहीच. एकेक घर रिकामं होत जातं आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही, भय तिथे आहे. माझ्या आजोळच्या गल्लीत अकरा घरं होती. कुणी सुरतला गेलं, कुणी पुण्याला. आता सात घरांना कुलूप आहे. कोण कधी गेलं हे उरलेल्यांना सांगता येत नाही. ते पुस्तक मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला दात दिसलेच नाहीत, कुलपं दिसली.

आणि समर्थ? अंधारात कुणीतरी हात धरणारा असावा ही माणसाची जुनी गरज आहे. ती भागवली म्हणून लेखक हलका ठरत नाही.

पायवाट (धडगाव) :
दोघांचंही वाचलं. माझं भांडण वेगळं आहे आणि ते तुम्हा दोघांशी आहे.

मी बरीच वर्षं सातपुड्यात आरोग्याचं काम करते. एका पाड्यावर एका पंधरवड्यात दोन लेकरं तापाने गेली. भगताने, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाने, दोष कुणाचा ते बघायला दाणे मांडले आणि एकट्या राहणाऱ्या एका विधवा आजीच्या घराकडे बोट दाखवलं. डाकीण. मी पोचले तेव्हा ती ओट्यावर बसली होती, डोक्याचे केस एका बाजूने कापलेले. मला बघून उठली आणि प्यायला पाणी द्यायला तांब्या शोधू लागली. तांब्या कुणीतरी फेकून दिला होता, तर तिने ओंजळ पुढे केली. आम्ही रक्त तपासलं, चार घरांत मलेरिया निघाला. आणि त्या आजीच्या नावावर दीड एकर जमीन होती, जी पुतण्याला हवी होती.

आता सांगा, 'शरीर माणसाचं, आत दुसरंच कुणीतरी' ही कल्पना तुम्ही मजा म्हणून वाचता. इथे त्याच कल्पनेवर बाईला मारतात. 'तुंबाड' हा 2018 चा सिनेमा धारपांच्या 'आजी' कथेवरून सुचला. त्यात साखळीने बांधलेली म्हातारी येते तेव्हा थिएटरात लोक किंचाळले. मला ती ओंजळ दिसली आणि मी उठून बाहेर आले.

गौराई (अमळनेर) :
ताई, तुम्हनं खरं शे. पण तो अडाणीपणाचा प्रश्न आहे, पुस्तकांचा नाही. त्या पाड्यावर धारप कुणी वाचलेत?

पायवाट (धडगाव) :
ताई, अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका. 1972 ते 74 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनासाठी बाया-मुलींचे बळी घेतल्याचं प्रकरण झालं. ते डोंगरातलं नव्हतं, बाजारपेठेच्या गावातलं होतं आणि आरोपींमध्ये पैसेवाले होते. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पण तक्रार द्यायला शेजारी पुढे येत नाही, कारण त्यालाही आतून थोडं खरं वाटत असतं. ते 'थोडं' कुठून येतं, याचा विचार शिकलेल्यांनी करायचा आहे.

तापीकाठ (रावेर) :
ताई, ओंजळीचं वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही, उलट तुमच्यामुळे तो मला जास्त कळला. निवारणाची गोष्ट मला खुपते ती याचसाठी असावी. त्या गोष्टीत एक जाणता येतो, दोष कुणात आहे ते सांगतो आणि तो दोष काढला की गाव सुखी होतं. तुमच्या भगतानेही तीच गोष्ट सांगितली. 'स्वामी'त उलटं आहे. तिथे जाणता म्हणवणारा महंतच माणसाला गाडतो आणि वर त्याची पूजा मांडतो. ते वाचलेला माणूस दाणे मांडणाऱ्याकडे डोळे झाकून बघणार नाही, असं मला वाटतं.

वाघूर (भुसावळ) :
हे अति होतंय. समर्थ आणि भगत एका तागडीत घालू नका. समर्थांची लढाई बाहेरून आलेल्या वाईटाशी असते, गरीब विधवेशी नाही. पछाडलेल्या माणसाला ते वाचवतात, त्याची जमीन घेत नाहीत. आणि लेखकाला त्याच्या एकाच बाजूने मोजू नका. गूढकथा लिहिणाऱ्या मतकरींनीच 'लोककथा 78' लिहिलं, गावातल्या बलवंतांनी दलितांवर केलेल्या अत्याचाराचं नाटक. एकच हात दोन्ही लिहितो. भुताची गोष्ट लिहिणारा भुतावर विश्वास ठेवायला सांगतो, हे मी मान्य करणार नाही.

एक मात्र कबूल करतो. 'आजी' मी चार वेळा वाचलीय आणि चारही वेळा मी घाबरलेल्यांच्या बाजूने होतो. म्हातारीच्या बाजूने ती गोष्ट कशी दिसेल, हे मला एकदाही सुचलं नाही.

पायवाट (धडगाव) :
दादा, मला तेवढंच म्हणायचं होतं. पुस्तकं बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या बाईला गाव डाकीण म्हणतं, तिच्या घरात संध्याकाळ झाल्यावर काय होतं, दारावर दगड पडायला लागले की ती दिवा विझवते की लावते, हे सांगणारी भयकथा मला मराठीत हवी आहे. ती पुतण्याच्या पोराने वाचावी इतकी साधी हवी आणि शेवटी तिला सोडवायला कुणी आलं तरी मला चालेल. तापीकाठ भाऊंना नाही चालणार, पण मला चालेल. माझी ती पाड्यावरची आजी आता गुजरातेत लेकीकडे असते. ओंजळीनेच पाणी पिते अजून, लेक सांगते.

तापीकाठ (रावेर) :
मलाही चालेल, ताई.