द्राक्षबागेच्या मातीतील तांबे: आकडे का जुळत नाहीत?

प्रश्न (विद्यार्थिनी, सांगली)

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी तासगाव भागातील द्राक्षबागांमधून मातीचे नमुने आणले असून त्यांतील तांबे, जस्त आणि शिसे मोजत आहे. माती खोऱ्याने उकरून पत्र्याच्या घमेल्यात गोळा केली, सावलीत वाळवली, ढेकळे फोडून २ मिलिमीटरच्या पितळी चाळणीतून चाळली आणि त्यातील अर्धा ग्रॅम अम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक अम्लांच्या मिश्रणात) तापवून द्रावण गाळून घेतले. शिशाचे आकडे व्यवस्थित जुळतात. मात्र एकाच नमुन्याच्या दोन भागांत तांबे आणि जस्त यांचे आकडे कधी कधी दुपटीने वेगळे येतात. केवळ अम्लाचा, म्हणजे माती न घालता तपासलेला, कोरा नमुना स्वच्छ येतो. दोष यंत्रात असावा का?

उत्तर (सातारा)

शिसे जुळते आहे आणि कोरा नमुना स्वच्छ आहे, तेव्हा यंत्राआधी चाळणी पाहावी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्तच, आणि घमेले जस्ताचा मुलामा दिलेले असेल तर त्याचीही भर पडते. मातीत किलोमागे ५० मिलिग्रॅम तांबे धरले, तर तुमच्या अर्ध्या ग्रॅममध्ये ते अवघे २५ मायक्रोग्रॅम असते. त्यात चाळणीच्या तारेचा मिठाच्या कणाहून बारीक, साधारण ४० मायक्रोग्रॅमचा कीस पडला तरी आकडा दुप्पट होतो. तुमचा कोरा नमुना अम्लापासून सुरू झाला, म्हणून त्याला चाळणीचा दोष दिसूच शकत नाही. क्वार्ट्झची वाळू नायट्रिक अम्लात धुऊन, वाळवून, घमेल्यापासून गाळणीपर्यंत मातीच्याच वाटेने न्यावी आणि त्याच वाळूचा एक भाग बाजूला ठेवून थेट अम्लात घालावा. पुढच्या वेळी प्लास्टिकचे टब आणि नायलॉनची चाळणी वापरावी. बाटल्या व काचसामान १० टक्के नायट्रिक अम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने धुवावे.

उत्तर (तासगाव)

वरील चाचणी अवश्य करावी, परंतु सगळा दोष चाळणीवर टाकण्याची घाई करू नये. आमच्या बागांत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारले जाते, आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकात जस्त असतेच. हे वरच्या थरात साचते, तेही सारखे नव्हे. वेलाखाली अधिक, दोन ओळींच्या मध्ये कमी. दोन मिलिमीटरच्या भरड मातीतून उचललेला अर्धा ग्रॅम साऱ्या पिशवीचा प्रतिनिधी होत नाही. ढीग करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, असे करत नमुना कमी करावा आणि मग तो अ‍ॅगेट या कठीण दगडाच्या खलात पिठासारखा बारीक करावा. वेलाला किती तांबे मिळते हा प्रश्न असेल, तर अम्लराज उपयोगाचे नाही, त्यासाठी ७.३ सामूच्या (पीएच) डीटीपीए या धातू बांधून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात माती दोन तास हलवून घ्यावी लागते.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. वाळूची चाचणी केली: थेट अम्लात घातलेल्या वाळूत दोन्ही धातू जवळपास नव्हते, घमेल्यातून आलेल्या वाळूत जस्त आले आणि चाळणीनंतर तांबेही. आता जुने आकडे बाद करून, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू होण्याआधी, वेलाखालची आणि ओळींमधली माती प्लास्टिकच्या साधनांनी वेगवेगळी घेणार आहे.