मदत हवी आहे: गाजर गवताची ॲलर्जी की उन्हाची? पॅच टेस्ट आणि पुढचे उपचार

रानवाट
नमस्कार. सासऱ्यांसाठी विचारतेय. वय ५८, वजन ६० किलो, शेती दौंड तालुक्यात. सलग दोन पावसाळे जुलै ते दिवाळी चेहरा, मान आणि कोपराची आतली बाजू लाल होते, भयंकर खाज येते, कातडी जाड पडलीय. उन्हाळ्यात निम्म्याने कमी. उन्हाची ॲलर्जी म्हणून सनस्क्रीन दिलं होतं, फरक नाही. सध्या प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) २० मिग्रॅ चालू आहे. १० वर आणलं की आठवड्यात परत सगळं उठतं. बांधाला गाजर गवत कमरेएवढं आहे. आता पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ॲलर्जी तपासतात ती) आणि मग ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुचवलंय.
ऊन की गवत, हे घरी ओळखता येईल का? गोळी चालू असताना टेस्ट होते का? आणि ॲझाथायोप्रिन किती दिवस, काय सांभाळून? शेत सोडणं शक्य नाही.

त्वचा_ओपीडी
ताई, त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवा आणि चारच जागा बघा: वरच्या पापण्या, कानामागची खाच, हनुवटीखालचा भाग, मानेच्या वळ्यांची आतली बाजू. वळी बोटांनी ताणून बघा. या जागा सावलीत असतात, त्यामुळे निव्वळ उन्हाच्या त्रासात त्या बहुधा कोऱ्या राहतात. हवेतून येणारे गवताचे कण मात्र नेमके तिथेच साचतात. त्या जागा लाल किंवा जाड असतील तर संशय गवतावर. उलटं मात्र खरं नाही. काही वर्षांनी बऱ्याच रुग्णांची त्वचा उन्हालाही चिडायला लागते आणि चित्र मिसळतं, म्हणून कोऱ्या जागा दिसल्या तरी गवत निर्दोष ठरत नाही.

त्रास देणारा रेणू पार्थेनिन. तो पानाखोडावरच्या बारीक लवेत असतो आणि वाळलेल्या गवताच्या धुरळ्यातही टिकतो. हे गवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. त्यापासून होणाऱ्या त्वचादाहावर लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा लेख १९७४ चा. म्हणजे हा आपल्याच भागातला जुना आजार आहे, तरी अजून उन्हाच्या नावावर खपतो.

आता पॅच टेस्ट. २० मिग्रॅवर ती करता येते, पण कमी तीव्रतेची प्रतिक्रिया दबते आणि खोटं 'निगेटिव्ह' येतं. डॉक्टर डोस १० च्या आसपास आणू शकले तर उत्तम. तो स्वतः कमी करू नका, अनेक आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं. पाठीवर आठवडाभर आधीपासून स्टेरॉइड मलम नको. पाठीवर पुरळ असेल किंवा आजार ऐन भरात असेल तर थांबा, नाहीतर सगळ्याच पट्ट्या लाल होतात आणि काहीच कळत नाही. खाजेची गोळी (सेटिरिझिनसारखी) बंद करायची गरज नाही, कारण ही पेशींची उशिरा येणारी प्रतिक्रिया आहे, हिस्टामिनची नाही. त्याच कारणाने रक्तातल्या आयजीईचं (झटपट येणाऱ्या ॲलर्जीच्या प्रतिपिंडांचं) महागडं पॅकेज इथे कामाचं नाही.

सोमवारी पट्ट्या लावल्या तर बुधवारी काढतात, दाबाची लाली ओसरायला अर्धा तास थांबून पहिलं वाचन, आणि शुक्रवारी दुसरं. शुक्रवारचं चुकवू नका. बुधवारी असलेली आणि शुक्रवारी विरलेली लाली बहुधा नुसती जळजळ, शुक्रवारी वाढलेली आणि हाताला उंचवटा लागणारी खरी ॲलर्जी. तोवर पाठ कोरडी: आंघोळ कंबरेखाली, रानातलं काम बंद. ओलं पान घरी दंडाला बांधून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, फोड येतात.

औषधनोंद
ॲझाथायोप्रिनचा विचार योग्य वाटतो. दिल्लीच्या एम्समध्ये याच आजारासाठी रोज १०० मिग्रॅ ॲझाथायोप्रिनची रोज २ मिग्रॅ बीटामेथॅसोन या स्टेरॉइडशी तुलना झाली (प्रसिद्धी २००८). गुण जवळपास सारखा, पण स्टेरॉइडच्या गटात दुष्परिणाम आणि आजार उलटणं जास्त. अडचण वेगाची आहे: पूर्ण असर दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून लोक सोडून देतात, तिथेच उपचार फसतो. तोवर प्रेडनिसोलोनचा आधार ठेवून हळूहळू उतरवतात.

सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या चाचण्या (शरीर हे औषध नीट पचवतं का ते सांगणाऱ्या) होत असतील तर दोन्ही करा. भारतीयांमध्ये पांढऱ्या पेशी अचानक घसरण्यामागे दुसरी महत्त्वाची ठरते. नंतर पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी सीबीसी. ताप आला किंवा घसा दुखला की ॲझाथायोप्रिनची गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना गाठा. आणि गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगा, या जोडीने अस्थिमज्जा दबते.

मलमाचं माप: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चेहरा आणि मान मिळून अडीच रेघा. चेहऱ्यावर क्लोबेटासोल (फार तीव्र स्टेरॉइड मलम) नको. तिथे टॅक्रोलिमस ०.१ टक्का (स्टेरॉइड नसलेलं मलम) बरं, पहिले काही दिवस चुरचुरतं, ते अपेक्षित आहे. तीन औषधं एकत्र असलेली मिश्र मलमं दुकानातून परस्पर आणू नका.

बांधावरचा
गवत त्यांनी स्वतः उपटायचं नाही. इतरांनीही उघड्या हातांनी नको, त्यांनाही ॲलर्जी जडू शकते. पांढरी फुलं येण्याआधी, पावसानंतर माती मऊ असताना हातमोजे घालून मुळासकट काढा. एका झाडाला हजारो बिया धरतात, फुलोऱ्यानंतर उपटणं म्हणजे पेरणीच. वाळलेला ढीग गोठ्याजवळ नको, पेटवू तर नकाच. पडीक कडेला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून फवारतात, पण पिकाच्या जमिनीत नाही. मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी फेकून ठेवा, तो दाट उगवून गवताला दाबतो.
शेतातून आल्यावर थेट आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे आणि कुंपणावर न टाकता घरात वाळवायचे.

रानवाट
बघितलं. दोन्ही पापण्या जाड आहेत, कानामागे भेगा आहेत, वळ्यांच्या आतही लाल. आणखी एक: शेजारी शेवंतीचा प्लॉट आहे, तोडणीला हे जातात.

त्वचा_ओपीडी
मग तोडणी तूर्त बंद. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली, तिच्यातही पार्थेनिनच्या जातीची द्रव्यं असतात. सूर्यफूल आणि डेलियालाही हेच लागू. घरातले हारही त्यांच्या हाती नकोत. टेस्टच्या दिवशी शेवंतीची दोन फुलं आणि पानं बंद पिशवीत न्या, तिचीही पट्टी लावता येईल का ते डॉक्टर ठरवतील.