प्रवासातला कॅमेरा : तुमचे अनुभव लिहा

कॅमेरा बरोबर घ्यायचा की नाही यावर आमच्याकडे निघायच्या आदल्या रात्री हमखास वाजतं. ‘मोबाइलमध्ये येत नाही का फोटो?’ हा घरच्यांचा मुद्दा, चार कपडे कमी नेईन पण लेन्स नेईन हा माझा. तर फोटो कसा आला यापेक्षा कॅमेरा कसा नेला, कसा जपला, कुठे अडवला, हे लिहा. कॅनन की निकॉन ही भांडणं कृपया नकोत.

सुरुवात मीच करते. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. बाहेरच्या उन्हातून पहिल्या लेण्यात शिरलं की मिनिटभर पद्मपाणी सोडा, भिंतही धड दिसत नाही. मी ५० मिमी १.८ लेन्स नेते, कमी उजेडात चालणारी. हलकी, स्वस्तातली. आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची क्षमता) ३२००, कोपरं बरगड्यांना घट्ट, श्वास सोडून मग बटण. पाठोपाठ तीन-चार घेतले की एखादा तरी न हललेला निघतो. आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात.

सह्यभटका : पावसाळ्यात कॅमेरा एसी गाडीत पुढे ठेवू नका, डिकीत टाका. थंडगार लेन्स बाहेरच्या दमट हवेत काढली की लगेच बाष्प धरते. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. ती बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत चहा प्या. हरिश्चंद्रगडावर असाल तर तेवढ्यात कोकणकड्यावरचं धुकं हटेलही. किंवा दिवसभर हटणारच नाही.

मालवणकर : आमच्याकडे बुरशी हाच मोठा शत्रू. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतायचे, परत निळे होतात. (ती कढई नंतर स्वयंपाकाला नको, हे घरात आधीच सांगून ठेवा.) किनाऱ्यावरून आल्यावर खाऱ्या तुषारांसाठी बाहेरून किंचित ओलं फडकं फिरवायचं, मग कोरडं.

वैदर्भीय : ताडोबा, मे महिना, ४५ अंश. जिप्सीच्या मागे अशी धूळ उडते की लेन्स बदलायचं नाव काढू नका. १००-४०० मिमीची झूम लेन्स लावून ठेवायची अन्‌ विषय संपला. वरून ओलसर दुपट्टा. ट्रायपॉड तर जिप्सीत ठेवायलाच जागा नसते, म्हणून बीनबॅग. ती घरून रिकामी नेतो, मोहर्लीच्या दुकानातून तांदूळ घेऊन भरतो आणि निघताना तांदूळ ड्रायव्हरभाऊंना देऊन टाकतो. पिशवी गाडीच्या दांडीवर टाकली की लेन्स तिच्यात मस्त बसते. फक्त इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर सगळी थरथर फोटोत उतरते.

दिंडीतला एक : मी वारीला जातो. रिंगणाच्या दिवशी टेलीची (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सची) हौस बरेचजण करतात, पण गर्दीत ती काढायला हातभर जागा मिळत नाही. ३५ मिमी पुरते. बेलवाडीच्या गोल रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या बायका, विणेकरी, टाळकरी. शेवटी अश्व. सगळे घोड्याचे फोटो काढतात. मी त्यानंतर थांबतो. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात, तेव्हा कोणाचं कॅमेऱ्याकडे लक्ष नसतं. धूळ मात्र बेफाम. कॅमेरा पारदर्शक पिशवीत, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड, काचेवर साधा यूव्ही फिल्टर.

एकदा तुळस घेतलेल्या आजींचा फोटो काढला. त्या म्हणाल्या, “बाबा, फोटू घरी पाठवशील का? सगळेच न्हेतात, धाडत कुनी न्हाई.” पत्ता लिहून घेतला, चार बाय सहाचा प्रिंट पोस्टाने पाठवला. नातवाचा फोन आला : आजी म्हणते, पुढच्या वेळी तुळस अख्खी येऊ दे, वरनं कापलीय. तेव्हापासून उभी फ्रेम धरतो.

परदेशस्थ : विमानाबद्दल थोडंसं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, जवळच ठेवा आणि टोकांना चिकटपट्टी लावा. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण येत नाही. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १४-१५ची, २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ची. भारतातून महागडा कॅमेरा बाहेर नेणाऱ्यांनी जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, परतताना ‘हा तिकडून घेतला का’ हा प्रश्न उरत नाही. आणि भाच्यासाठी इकडून ड्रोन आणायचा विचार असेल तर सोडा. २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे.

सह्यभटका : लडाखवाल्यांनो, थंडीत बॅटरी बसते ती खरी संपलेली नसते. आतल्या खिशात ऊब दिली की पुन्हा चालते. एक कॅमेऱ्यात, एक बनियनच्या खिशात, आलटून पालटून.

नवखी : ताडोबाहून आल्यापासून प्रत्येक आकाशात एकाच जागी काळा ठिपका दिसतोय. लेन्स खराब झाली का?

वैदर्भीय : लेन्स नाही, सेन्सरवर, म्हणजे आत फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ आहे. एफ १६ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा, आणखी ठिपके सापडतील. लेन्स काढून, सेन्सर क्लीनिंगचा मोड लावून कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. ब्लोअरने नाही गेली तर सर्व्हिस सेंटरला द्या, काड्या घालू नका.