पावसाळी आकाशाची चित्रवही : मिश्र माध्यमांचा क्रम कसा ठेवावा?

प्रश्न

नमस्कार. मी रत्नागिरी परिसरात राहते. येत्या पावसाळ्यात मृगापासून हस्तापर्यंतच्या आकाशाची एक आर्ट जर्नल करण्याचे मी ठरवले आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारणपणे १३-१४ दिवस असतो. त्यामुळे मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त या ९ नक्षत्रांसाठी समोरासमोरच्या पानांच्या ९ जोड्या अशी रचना मनात आहे. प्रत्येक जोडीवर त्या नक्षत्राचे पंचांगात दिलेले वाहन, म्हणजे बेडूक, मोर, म्हैस जे असेल ते, कोठेतरी यावे अशीही इच्छा आहे. जलरंग, ॲक्रिलिक, पांढरा टिश्यू पेपर, जुन्या पंचांगाची पाने, मेणाचे खडू आणि ऑइल पेस्टल हे साहित्य माझ्याजवळ आहे. यांपैकी कोणते आधी आणि कोणते नंतर वापरावे? सलग करड्या आभाळाचे पान निर्जीव दिसू नये यासाठी काय करता येईल? आणि कोकणातील दमट हवेत अशी पाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद १

नमस्कार. आपली नक्षत्रांची कल्पना फार आवडली, कारण तिच्यामुळे वहीला आकाशाचाच क्रम मिळतो. माध्यमांचा क्रम ठरवताना एकच प्रश्न विचारावा : हा थर वाळल्यावर पुन्हा पाण्यात विरघळेल का? जलरंगात डिंक असतो, त्यामुळे तो वाळल्यानंतरही पाणी लागताच सुटतो. ॲक्रिलिक मात्र एकदा वाळले की पाण्याला दाद देत नाही. म्हणून कोऱ्या कागदावर सर्वांत आधी मेणाचा पांढरा खडू (पावसाच्या तिरप्या रेघांसाठी आणि ढगांच्या उजळ कडांसाठी), त्यावर जलरंगाचे वॉश (पातळ, पसरट थर), ते पूर्ण वाळल्यावर टिश्यू पेपर व पंचांगाचे तुकडे, त्यानंतर पातळ ॲक्रिलिक आणि अगदी शेवटी ऑइल पेस्टल असा क्रम ठेवावा. ऑइल पेस्टल पूर्णपणे कधीच वाळत नाही आणि त्याच्यावर ॲक्रिलिक धरत नाही, म्हणून त्याची जागा शेवटचीच. वाळलेल्या जलरंगावर मॅट मीडियम (तुकडे चिकटवण्यासाठीचे, चमक नसलेले ॲक्रिलिक द्रावण) लावताना मऊ ब्रश एकदाच फिरवावा. घासल्यास खालचा रंग उठून सगळा भाग गढूळ होतो.

जेसो (रंगाखाली देण्याचा पांढरा अस्तर-रंग) संपूर्ण पानावर लावू नये असे माझे मत आहे. त्याने कागदाची शोषणशक्ती कमी होते आणि जलरंग वरच राहतो. पण जेथे ढग हवा असेल तेथेच जेसोचा ओबडधोबड हात दिल्यास याच गुणाचा फायदा होतो, कारण तेथील रंग ओल्या फडक्याने सहज पुसून पुन्हा उजेड काढता येतो. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्यावा. पातळ कागद इतके थर सोसत नाही.

प्रतिसाद २

मला करड्या रंगाविषयी लिहायचे आहे, कारण पावसाळी आकाशाचे सारे सौंदर्य त्यातच आहे. ट्यूबमधील काळा रंग पाण्यात पातळ करून केलेला करडा वापरू नये. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग ओल्या कागदावरच एकमेकांत मिसळू द्यावेत. निळा जास्त झाला की करडा थंड होतो, तपकिरी जास्त झाला की उबदार. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसत असल्याने त्या करड्याला आपोआप पोत येतो. एकाच पानावर थंड आणि उबदार असे दोन्ही करडे असले, तर आभाळ कितीही सलग असले तरी ते निर्जीव वाटत नाही.

प्रत्येक नक्षत्राचे आभाळ वेगळे असते, हेही पाहावे. मृगाच्या सुमारास दिसणाऱ्या क्युम्युलस (कापसाच्या ढिगासारख्या) ढगांचा तळ सपाट असतो, कारण वर चढणारी वाफ ठरावीक उंचीवरच थिजू लागते. तेथे टिश्यूची खालची कड कापलेली आणि वरची चुरगळलेली ठेवावी. ऐन पावसातील निंबोस्ट्रॅटसला (आभाळभर पसरलेल्या करड्या ढगाला) कडाच नसतात, म्हणून तेथे कागद हाताने फाडून चिकटवावा. श्रावणातील उघडिपीत डोक्यावरचे निळे गडद आणि क्षितिजाजवळचे फिकट असते, हे विसरू नये. संध्याकाळचा पिवळा आणि वरचा निळा थेट भेटले तर हिरवा होतो. त्यांच्यामध्ये फिकट गुलाबी पट्टा देऊन तो आधी वाळू द्यावा.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे असंख्य अभ्यास कागदावर तैलरंगात केले आणि त्यांपैकी अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवली. आपणही प्रत्येक पानावर तशी नोंद करावी. ही नोंद सजावट म्हणून नको. पुढच्या वर्षी त्याच नक्षत्राशी तुलना करता यावी, म्हणून हवी.

प्रतिसाद ३

वह्या बांधण्याचे काम मी करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. ॲक्रिलिकचा थर उष्ण आणि दमट हवेत मऊ पडतो आणि दाबाखाली दोन चकचकीत थर एकमेकांना धरतात. त्यामुळे ग्लॉस (चकचकीत) मीडियम टाळून मॅट वापरावे, वहीवर वजन ठेवू नये आणि पानांमध्ये बेकिंगसाठी मिळणारा, सिलिकॉनचा थर असलेला कागद घालावा. घरची खळ कोकणात वापरू नये. तिच्यावर बुरशी धरते आणि झुरळे येतात. मीठ टाकून जलरंगात ठिपके उठवण्याची पद्धत सुंदर आहे, पण मीठ हवेतील ओल खेचते, म्हणून रंग वाळताच प्रत्येक कण झाडून टाकावा.

पंचांगाचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. मूळ पान जपून ठेवावे आणि चांगल्या कागदावर त्याची लेझर प्रत काढून ती चिकटवावी. इंकजेटची शाई बहुधा ओलाव्याने पसरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तयार वही घेऊ नये. सुटी पाने करावीत आणि पाऊस संपल्यावर बांधावीत, कारण कोलाजमुळे पाने किती फुगतील हे आधी सांगता येत नाही. बांधताना पाठीशी पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या घातल्या की वही तोंडाशी उघडी राहत नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सुटी पाने करण्याची सूचना लगेच स्वीकारते. एकच शंका उरते : हस्ताच्या पानावर दुपारनंतरचे गडगडाटी ढग येतील. त्यांतील वीज पांढऱ्या रंगाने वरून काढावी का?

प्रतिसाद १

शक्यतो काढू नये, वरून दिलेला पांढरा कागदाच्या पांढऱ्याइतका उजळ दिसत नाही. विजेची रेघ मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर घासून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने) आधीच झाकावी, त्यावर सर्वांत गडद करडा वॉश द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर बोटाने घासून ते काढावे. दमट हवेत वॉश वाळायला वेळ लागतो, त्यामुळे घाई करू नये; पण फ्लुइड दिवसेंदिवस कागदावर राहू देणेही बरे नाही, नंतर ते निघताना कागदाचे तंतू उपटते. पंख्याखाली वाळवावे, हेअर ड्रायरची उष्णता त्याला देऊ नये.