विषय: शाळेच्या वास्तूतील शिशाच्या नळांची तपासणी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

मंडळाची रविवारची मराठी शाळा ज्या इमारतीत भरते, ती १९८६ पूर्वीची आहे. म्हणजेच अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नळ बसवण्यावर बंदी येण्याआधीची. पाणीपुरवठा संस्थेच्या यादीत तिच्या सर्व्हिस लाइनपुढे (रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून इमारतीत येणाऱ्या नळापुढे) ‘माहिती नाही’ एवढीच नोंद आहे. त्याच संस्थेचा वार्षिक अहवाल मात्र पाणी नियमांत बसते असे सांगतो. अशा वेळी अहवालावर विसंबावे, की आपण स्वतः तपासणी करावी? तूर्त पाणी उकळून ठेवावे, असे काही पालकांनी सुचवले असून तसे आम्ही सर्वांना कळवले आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

आपली,
सचिव

———

माननीय सचिव यांस,
सप्रेम नमस्कार.

पाणी उकळण्याची सूचना कृपया आजच मागे घ्यावी. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही; उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. ज्या घरी तान्ह्या बाळाची दूध पावडर नळाच्या पाण्यात कालवली जाते, तिथे हा गैरसमज फार महागात पडू शकतो, कारण लहान मुलांसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित मात्रा आजवर सापडलेली नाही.

अहवाल खोटा नाही, पण तो आपल्या इमारतीविषयी काहीच सांगत नाही. शिसे बहुधा शुद्धीकरण केंद्रातून येत नाही. ते येते सर्व्हिस लाइनमधून, तांब्याच्या नळांच्या सांध्यांना दिलेल्या जुन्या डाखातून आणि पितळी तोट्यांतून. शिवाय पाण्यातील शिशाविषयीच्या १९९१ च्या अमेरिकी नियमानुसार लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम ही कारवाईची पातळी निवडक घरांच्या नमुन्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक नमुन्यांनी ओलांडली, तरच संस्थेवर पुढील जबाबदारी येते. त्यामुळे काही घरांत शिसे भरपूर असूनही अहवाल ‘नियमांत’ राहू शकतो. नळ तेच राहूनही पाणी बिघडते, हे राजधानी वॉशिंग्टनमध्ये दिसले आहे: तिथे २००० साली निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरू लागले आणि नळांच्या आत वर्षानुवर्षे बसलेला शिशाचा थर विरघळू लागला. मिशिगनमधील फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलताना गंजरोधक द्रव्य घातलेच गेले नाही, आणि तिथेही नळांतले शिसे पाण्यात उतरले.

सर्व्हिस लाइन तळघरात मीटरपाशी आत येते. तिथे रस्त्याकडून मीटरपर्यंत येणारा नळ किल्लीने अलगद खरवडून पाहावा. धातू मऊ असेल, खरवडल्यावर चंदेरी चमकत असेल आणि लोहचुंबक चिकटत नसेल, तर ते शिसे होय. तांबे रंगावरून कळते. चुंबक चिकटला, तर नळ लोखंडी आहे. पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नये, कारण पाणी ज्या बाजूने येते तिथे, त्याच्या आधी, कधीकाळी शिशाचा नळ असेल, तर ते शिसे गंजात साठून राहते आणि पुढेही सुटत राहते.

नमुना मात्र विचारपूर्वक घ्यावा. नियमाप्रमाणे किमान सहा तास पाणी नळात साचू द्यायचे असते. आपली इमारत तर आठवडाभर बंद असते, म्हणजे मुले रविवारी सकाळी जे पहिले पाणी पितात, तेच सर्वांत जास्त वेळ साचलेले असते. म्हणून कोणतीही तोटी उघडण्यापूर्वी, तोंडाची जाळी न काढता, नेहमीच्या धारेने एकेक लिटरच्या पाच बाटल्या ओळीने भराव्यात. पहिला लिटर तोटीची आणि जवळच्या सांध्यांची स्थिती सांगतो, पाचवा बहुधा सर्व्हिस लाइनची. हे दोन्ही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्यावेत. शिशाचे कण अधूनमधून सुटतात, त्यामुळे एक नमुना स्वच्छ आला म्हणून तपासणी थांबवू नये.

फिल्टर घ्यायचाच असेल, तर ‘एनएसएफ ५३’ या मानकाखाली शिशासाठी प्रमाणित असलेलाच घ्यावा. आणि नळ शिशाचा निघाल्यास तो संपूर्ण बदलण्याचाच आग्रह धरावा. अर्धाच बदलला, तर उरलेला भाग हलून काही काळ शिसे वाढू शकते.

आपला,
एक सभासद (निवृत्त पाणीपुरवठा अभियंता)

———

सप्रेम नमस्कार,

उकळण्याची सूचना मागे घेतल्याचे सर्व पालकांना कळवले आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता, शाळा उघडण्यापूर्वी, आपल्या देखरेखीखाली नमुने घ्यावेत आणि मीटरजवळचा नळही पाहावा, अशी विनंती आहे. इमारतमालकांची परवानगी मिळाली आहे. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत पिण्याच्या तोट्या बंद ठेवल्या जातील, आणि मुलांसाठी बाटलीबंद पाण्याची व्यवस्था मंडळ करील.

आपली,
सचिव