मदत हवी आहे: कामिसोरीची (जपानी वस्तरा) उरा (मागची) बाजू मधे दगडाला टेकतच नाहीये

मंडळी नमस्कार, कोणी जपानी वस्तऱ्याला घरी धार लावत असेल तर प्लीज वाचा, तीन आठवडे झाले मी अडकलोय.

मी टोकियोत निशी-कासाईला राहतो. मागे क्योटोला गेलो होतो, तिथे तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो, तिथून एक जुनी कामिसोरी घेतली. ही आपल्या वस्तऱ्यासारखी मिटत नाही, मूठ आणि पातं एकसंध, मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडून घडवलेली, आणि दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक ओमोते (पुढची) आणि दुसरी उरा. ओमोतेवर जास्त हात मारायचे आणि उरावर अगदी मोजके एवढं सगळेच सांगतात, नेमका आकडा मात्र प्रत्येकाचा वेगळा.

माझी चूक इथेच झाली. माझ्या आजोबांचं कराडला सलून होतं, वस्तरा दगडावर कसा धरायचा, चामोटीवर कसा फिरवायचा हे त्यांच्याकडे बघूनच शिकलो, पण त्यांचा वस्तरा दोन्हीकडून सारखा म्हणून ते दोन्हीकडे सारखेच हात मारायचे. मी सवयीने तेच केलं, १००० च्या दगडावर (हा ग्रिटचा आकडा, जितका मोठा तितका दगड बारीक) दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस, मग ५०००, मग ८०००. पाठ आणि धार दोन्ही टेकवूनच, पाठ कुठेही उचलली नाही. हातावरचे केस झटक्यात निघतात पण हनुवटीखाली अशी ओढते की डोळ्यात पाणी येतं.

मग धारेला काळा मार्कर लावून बघितला. ओमोतेला दोन हात मारले की शाई मधून जाते, टोकाला आणि मुठीकडे राहते. उराला बरोबर उलटं, दोन्ही टोकं चकचकीत आणि मधे बोटभर रुंदीची काळी पट्टी तशीच. आधी वाटलं दगडच मधे झिजलाय, म्हणून त्यावर पेन्सिलने चौकटी काढून सगळ्या रेघा जाईपर्यंत डायमंड प्लेटवर (दगड सपाट करायची पट्टी) घासला, तरी पट्टी जागची हलली नाही. म्हणजे पातंच वाकलंय का? आणि तसं असेल तर पूर्ण टेकेपर्यंत घासत राहू का? त्यात जुनं चांगलं पोलाद उगाच जाईल याचीच भीती वाटते.

अजून एक, मुठीवर वेत गुंडाळलाय आणि त्याच्या कडेला तांबूस दिसायला लागलंय. आता त्सुयु सुरू होईल (इथला पावसाळा, कपाटातले बूटसुद्धा बुरसतात). पात्याला पुसून त्सुबाकीचं (कॅमेलियाच्या बियांचं) तेल लावतो पण वेताखाली काय करायचं?

प्रतिसाद:
अजून घासू नका! दगडाचा दोष असता तर दोन्ही बाजूंना शाई एकाच जागी राहिली असती, तुमच्याकडे उलटसुलट राहतेय म्हणजे पातं धनुष्यासारखं किंचित वाकलंय, जुन्या कामिसोरीत हे बघायला मिळतं. ओमोतेवर हात मारताना भार आधी मुठीकडे आणि सरकवत सरकवत टोकाकडे न्या, सगळी धार एकदम टेकलीच पाहिजे असं नाही. उरासाठी अरुंद दगड घ्या, दोन-अडीच सेंटिमीटरचा, तो त्या खोलगट भागात बसेल. पाच-सहा हात झाले की थांबून परत मार्कर. दोन्हीकडची शाई धारेपर्यंत गेल्याशिवाय १००० सोडू नका, तुमची ओढते ती त्यामुळेच, ८००० चा दगड हे भरून काढत नाही. हातोडीने सरळ करायला स्वतः जाऊ नका, कडक पोलाद तडकलं तर संपलं. वेत सोडवून टाका, पाणी त्याच्याखालीच साठतं, गंज काढून तेल लावा, नुसती मूठ धरायला काही अडचण येत नाही.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार, दोन्ही बाजू ताडून बघायचं डोक्यातच आलं नाही. वेत आत्ताच सोडवला, खाली बराच गंज आहे पण वरवरचा वाटतोय. अरुंद दगड नाहीये, माझ्या १००० च्या दगडाची कड मात्र अडीच सेंटिमीटर जाड आहे, तीच सपाट करून दगड उभा धरला तर उरासाठी चालेल का? उभा दगड हलू नये म्हणून तुम्ही कशात अडकवता तेही सांगा.