काळे किडे आणि पिल्लांची मरतूक : तातडीने मदत हवी आहे

जांभ्याचा_माळ : नमस्कार. सलग तिसऱ्या लॉटमध्ये माझ्याकडे कोंबडीची पिल्ले मरत आहेत आणि दर वेळी शेडमध्ये अंथरलेल्या तुसाखाली काळ्या, चकचकीत किड्यांची रास सापडते. काल संध्याकाळी खाद्याच्या भांड्याखालचे तूस हाताने बाजूला केले, तर तांदळाच्या दाण्याएवढे किडे आणि त्यांच्या पिवळसर अळ्या वळवळत होत्या, आणि पिल्ले खाद्य सोडून त्यांच्यावर तुटून पडली. डॉक्टरांनी शवविच्छेदन करून ई. कोलायचा संसर्ग सांगितला. किड्यांविषयी विचारल्यावर ‘किडे कुठे नसतात’ एवढेच म्हणाले. हे किडे जिवाणू वाहून नेतात का आणि त्यांच्यावर काय फवारावे, एवढेच मला हवे आहे. कृपया पाल्हाळ लावू नये.

खाडीकाठ : ब्रॉयलर की गावठी, मरतूक कितव्या दिवशी सुरू होते, पाणी कुठले, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिल्ले जात असतील, बेंबी ओली असेल आणि पोटातला बलक जिरलेला नसेल, तर किड्यांना दोष देण्याआधी पिल्ले उबवून देणाऱ्या हॅचरीकडे बोट दाखवावे लागेल.

सुपारीची_वाडी : फवारणीच्या भानगडीत पडूच नका. आम्ही वर्षानुवर्षे तुसात कळीचा चुना मिसळतो आणि आमच्याकडे किडा नावालाही नाही.

खाडीकाठ : सुपारीची_वाडी यांना विनंती, हा सल्ला असा सरसकट देऊ नये. आपल्याकडच्या दमट हवेत कळीचा चुना ओलाव्याशी भिडला की पिल्लांचे पाय आणि डोळे भाजतात. विरलेला चुना रिकाम्या शेडच्या भिंतींना लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

सुपारीची_वाडी : आमची पिल्ले भाजलेली नाहीत. अनुभवापेक्षा पुस्तक मोठे, असे आपले म्हणणे दिसते.

दर्यावर्दी : किड्यांपेक्षा माशांकडे लक्ष द्या. डेन्मार्कमध्ये शेडच्या वायुवीजनाच्या वाटांना माशारोधक जाळ्या बसवल्यावर कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळलेल्या कळपांचे प्रमाण 51.4 टक्क्यांवरून 15.4 टक्क्यांवर आले होते. शेण-विष्ठेवर बसलेली माशी तेच पाय घेऊन खाद्यावर येते.

खाडीकाठ : माहिती बरोबर आहे, पण कॅम्पिलोबॅक्टरने पिल्ले सहसा मरत नाहीत; आजारी पडतो तो कच्चट चिकन खाणारा. विचारले आहे मरतुकीबद्दल.

बागायतदार_लांजा : पाण्यातून कोलिस्टीन या प्रतिजैविकाची पावडर द्या, दोन दिवसांत मर थांबेल. माझ्याकडे जुने पाकीट शिल्लक आहे.

खाडीकाठ : अन्नासाठी पाळलेल्या प्राणी-पक्ष्यांमध्ये कोलिस्टीन वापरण्यावर केंद्र सरकारने 2019 साली बंदी घातली आहे. ते पाकीट आपल्याकडेच राहू द्यावे.

जांभ्याचा_माळ : मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. ब्रॉयलर आहेत, पाणी विहिरीचे आहे, मरतूक नवव्या दिवसापासून सुरू होते. यकृत आणि हृदयावर पांढरट-पिवळा पापुद्रा होता. जुने तूस शेडच्या मागच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली ठेवले आहे, कारण पावसाच्या तोंडावर ते हापूसच्या कलमांना घालायचे आहे. परंतु त्याचा इथे संबंध नाही.

खाडीकाठ : संबंध आहे, किंबहुना सगळा संबंध तिथेच आहे. हे डार्कलिंग बीटल जातीचे किडे आहेत. सांडलेले खाद्य, विष्ठा आणि मेलेली पिल्ले खाऊन ते वाढतात, त्यामुळे ई. कोलाय आणि साल्मोनेला त्यांच्या अंगावरही असतात आणि पोटातही. पिल्लू किडा गिळते, तेव्हा आधीच्या लॉटचा रोग नव्या लॉटच्या पोटात जातो. कोंबड्या उचलल्यावर शेड थंड पडू लागते, तसे किडे जांभ्याच्या भोकांत आणि लाकडाच्या फटींत शिरतात. आपण तूस काढून शेड धुतो आणि ती स्वच्छ झाली असे समजतो. म्हणून फवारणी कोंबड्या गेल्या त्याच दिवशी, शेड उबदार असताना आणि तूस हलवण्यापूर्वी, भिंतीच्या पायथ्याशी आणि भांड्यांच्या जागी करावी. पायरेथ्रॉइड गटातले, पोल्ट्री शेडसाठी मान्यता असलेले औषध पशुवैद्यकांना विचारून घ्यावे. पिल्ले आत असताना मात्र मुळीच फवारू नये. या लॉटपुरते एवढेच करता येईल की मेलेली पिल्ले दिवसातून दोनदा उचलावीत, सांडलेले खाद्य आणि भांड्यांभोवतीचे ओले तूस काढावे आणि विहिरीच्या पाण्यात क्लोरीन घालावे. प्रतिजैविक बदलण्यापूर्वी मेलेली ताजी पिल्ले बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासणीला पाठवावीत.

सुपारीची_वाडी : भिंतीच्या भोकांचे आम्ही चुन्यानेच गिलावे करतो, हे मी आधीच सांगणार होतो.

खाडीकाठ : त्यावर आपले एकमत आहे.

जांभ्याचा_माळ : आभारी आहे. आज ताडपत्री उचलली, तर खालचे तूस अक्षरशः हलत होते. ढीग शेडपासून दोनशे पावलांवर, बागेच्या टोकाला हलवतो. तेवढे अंतर पुरेल का?

खाडीकाठ : ढीग थोडा ओला करून ताडपत्रीच्या कडा मातीने बंद कराव्यात, म्हणजे आत उष्णता कोंडून अळ्या मरतील. केवळ अंतरावर विसंबू नये, कारण हे किडे रात्री उडतात आणि उजेडाकडे येतात.

जांभ्याचा_माळ : ते उडतात हे मला आजच कळले. पिल्लांसाठी शेडमधला दिवा तर रात्रभर चालू असतो.